खरे माप, खरा नाद

दुकानातील तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळून घ्यावी लागतात. त्यांवर शिक्का नसेल तर ती वापरता येत नाहीत, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असते. किलोमागे पाच ग्रॅमची तूटही खपवून न घेणारी हीच माणसे दिवाणखान्यासाठी ध्वनियंत्रणा घ्यायला निघाली, की खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘५००० वॅट’ या आकड्यापुढे मात्र पडताळ्याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही. मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज, आणि मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, अशी समजूत करून पैसे मोजले जातात.

तयार संच विकत घेण्याऐवजी स्पीकर आणि सबवूफर घरीच उभारावेत, अशी हौस घरातील तरुण मुलांना पुष्कळदा असते. सुटा स्पीकर आणावा, ओळखीच्या सुताराकडून पेटी करून घ्यावी, अ‍ॅम्प्लिफायर जोडावा आणि चित्रपटगृहासारखा नाद घरात घुमवावा, हे त्यांचे स्वप्न असते. हौस चांगली आहे; तिच्या निमित्ताने भौतिकशास्त्र, सुतारकाम आणि विद्युतजोडणी या तीनही विद्यांशी मुलांचा परिचय होतो. परंतु तिच्यात पैसा गुंततो, २३० व्होल्टच्या विजेशी गाठ पडते आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसांची शांतता पणाला लागते. म्हणून या कामाकडे व्यापाऱ्याच्याच नजरेने, म्हणजे एकेक माप पडताळून पाहणे हिताचे ठरते.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांपुढे आणावे. तळमजल्यावर दुकान, वर पाच मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच दिवाणखाना, त्याला लागून आजी-आजोबांची खोली, आणि दुसऱ्या बाजूला सामाईक भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे बिऱ्हाड. बाजारपेठेच्या कोणत्याही गावात असे घर सहज सापडेल. या दिवाणखान्यात दोन स्पीकर आणि बारा इंची एक सबवूफर बसवायचा आहे, असे समजावे.

वॅटचे माप

खोक्यावरील हजारो वॅटच्या आकड्याशेजारी बहुधा ‘पीएमपीओ’ ही अक्षरे असतात. हा आकडा कोणत्याही मान्य प्रमाणावर आधारलेला नसतो. उत्पादकाने तो हवा तसा फुगवलेला असतो. खरा आकडा असतो तो यंत्राला न थांबता, आवाज न फाटता सतत देता येणाऱ्या शक्तीचा. बाजारात त्याला ‘आरएमएस वॅट’ म्हणतात. अमेरिकेत या फुगवलेल्या आकड्यांचा इतका सुळसुळाट झाला होता, की तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजावी आणि कशी जाहीर करावी याचा नियमच करावा लागला.

पडताळणीची सोपी युक्ती यंत्राच्या पाठीवर असते. तेथील पट्टीवर ते यंत्र किती वीज घेते हे लिहिलेले असते. बारा व्होल्ट आणि तीन अ‍ॅम्पिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारे यंत्र ३६ वॅटच घेते. ते सतत १००० वॅट कोठून देणार? आवकेपेक्षा जावक अधिक दाखवणारी वही कोणताही मुनीम मान्य करणार नाही, आणि निसर्गही करीत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. म्हणून १०० वॅटच्या जागी १५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासाठी अधिक पैसे मोजणे हा बहुधा तोट्याचा सौदा असतो. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडला, की निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो.

मग अधिक शक्तीचा उपयोग काय? रोजच्या ऐकण्याला सरासरी एखादा वॅटही पुरतो. परंतु तबल्याची थाप, झांजांचा आघात किंवा चित्रपटातील स्फोट क्षणभर सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर उसळू शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. तो क्षण न फाटता पार पडावा यासाठी शंभर वॅट राखीव हवेत. दुकानात गल्ल्याबाहेर काही रक्कम जशी अडचणीसाठी बाजूला ठेवलेली असते, तशीच ही शक्ती. ती रोज खर्च करण्यासाठी नसते.

खर्जाची भूक

सबवूफर वेगळा का लागतो, हे समजण्यासाठी खर्जाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. स्पीकरचा शंकू पुढे-मागे हलून हवा ढकलतो. स्वर एक सप्तक खाली उतरला आणि आवाजाची पातळी तीच राखायची असली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झवर जो शंकू एक मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झवर चार आणि २० हर्ट्झवर सोळा मिलिमीटर हलावे लागेल. पाच-सहा इंची शंकूच्या हे आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून खर्जासाठी मोठ्या व्यासाचा, लांब पल्ल्याने हलू शकणारा वेगळा स्पीकर लागतो.

कानाची बाजूही ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की आवाज हलका असताना मानवी कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो झपाट्याने वाढल्यासारखा वाटतो. दुकानात मोठ्या आवाजात दणदणीत वाटलेला संच घरी हलक्या आवाजात पोकळ वाटतो, त्याचे हे एक कारण आहे. विक्रेत्याकडे ऐकताना घरात ज्या पातळीवर ऐकायचे, त्याच पातळीवर ऐकण्याचा आग्रह म्हणूनच धरावा.

साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचे काम सबवूफरकडे आणि वरचे दोन्ही स्पीकरकडे सोपवले जाते. या मर्यादेखालील नाद कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी नाद समोरच्या स्पीकरमधूनच आल्याचा भास होतो. लहान स्पीकरांच्या डोक्यावरचा खर्जाचा भार उतरतो, आणि तेही अधिक स्वच्छ बोलू लागतात.

पेटीचे माप

आज घरोघरी असणाऱ्या स्पीकरचा मूळ आराखडा, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू, हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. त्यांच्यापुढे एक अडचण होती. शंकू पुढे हवा दाबतो त्याच क्षणी मागे ती विरळ करतो. मागची लाट पुढे वळून आली, की खर्जात दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. उघड्यावर ठेवलेला बारा इंची सबवूफर जोडून पाहिला तर तो थरथरताना दिसतो, पण खर्ज ऐकू येत नाही. पेटी लागते ती मागची लाट कोंडून ठेवण्यासाठी.

पूर्वी चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत ‘अकूस्टिक रिसर्च’ या कंपनीतर्फे एआर-१ हा स्पीकर आणला. त्यांनी शंकूची टांगणी मुद्दाम सैल ठेवली आणि पूर्ण बंद, लहान पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवेची स्प्रिंग कापडी किंवा धातूच्या स्प्रिंगपेक्षा अधिक प्रमाणशीर वागते; त्यामुळे लहान पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज मिळू लागला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिल यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत पेटीचे गणित असे बांधून दिले, की अंदाजाने पेटी करण्याची गरजच उरली नाही.

हे गणित दहावी झालेल्या मुलाला सहज जमते. सबवूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे दिलेले असतात: त्याची स्वतःची कंपनसंख्या (एफएस), त्याचा आवर-गुणांक (क्यूटीएस) आणि त्याच्या टांगणीच्या लवचीकतेशी बरोबरी करणारे हवेचे आकारमान (व्हीएएस). समजा, ते अनुक्रमे २५ हर्ट्झ, ०.४५ आणि ९० लिटर आहेत. बंद पेटीत बसवल्यावर आवर-गुणांक ०.७०७ व्हावा असे धरले, की खर्ज फुगतही नाही आणि लवकर उतरतही नाही. ०.७०७ ला ०.४५ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, २.४७ येतो. त्यातून १ वजा करावा, १.४७ उरतात. ९० ला त्याने भागले की सुमारे ६१ लिटर हे पेटीतील हवेचे आकारमान मिळते. स्पीकरचे चुंबक आणि आतील आधारपट्ट्या यांच्यासाठी सहा लिटर वाढवावेत. आतून ४० × ४० × ४२ सेंटिमीटरची पेटी केली की ६७ लिटर होतात आणि हिशेब जुळतो. अशी पेटी सुमारे ३९ हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने उतरते, आणि त्याखालील नादाला बंद खोलीची थोडी मदत मिळते.

सुताराला काम देताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. फळी १८ मिलिमीटरहून पातळ नसावी. पातळ फळी स्वतःच थरथरते आणि त्या थरथरण्याचा आवाज खर्जात मिसळतो. एमडीएफ फळी घट्ट आणि एकसंध असते, पण पाणी लागले की फुगते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचा ओलावा ध्यानात घेऊन आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवुड वापरणे चांगले. समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी पट्टी आत असावी. प्रत्येक सांधा गोंद आणि स्क्रू अशा दोहोंनी बसवावा, आतून सांध्यांवर सिलिकॉन फिरवावे आणि स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी द्यावी. एमडीएफ कापताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून कारागिराने नाकातोंडावर मास्क बांधणे आवश्यक आहे, आणि हे सांगण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

पेटी पूर्ण झाल्यावर शंकू दोन्ही हातांनी अलगद आत दाबून सोडावा. तो सावकाश मूळ जागी आला तर पेटी हवाबंद आहे; झटकन परत आला तर कोठेतरी गळती आहे. गळती राहिलेल्या पेटीसाठी केलेले सारे गणित वाया जाते.

तारेचे माप

स्पीकरवर ४ किंवा ८ ओहम असा आकडा असतो. शास्त्रीय भाषेत त्याला संरोध म्हणतात. आकडा जितका लहान तितका विजेचा प्रवाह अधिक. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ४ ओहम’ असे लिहिलेले असेल, तर ती त्याच्या ऐपतीची मर्यादा समजावी. पुष्कळ सबवूफरना दोन गुंडाळ्या असतात. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन गुंडाळ्या एकसर जोडल्या तर ८ ओहम होतात; समांतर जोडल्या तर २ ओहम. उत्साहाच्या भरात समांतर जोडणी केली की आवाज सुरुवातीला मोठा वाटतो, पण ४ ओहमच्या मर्यादेच्या अ‍ॅम्प्लिफायरवर दुप्पट प्रवाहाचा भार पडतो. तो तापून बंद पडतो किंवा कायमचा निकामी होतो. ४ ओहमची जोडणी हवी असेल तर प्रत्येकी २ ओहमच्या गुंडाळ्यांचा सबवूफर घेऊन त्या एकसर जोडाव्यात. खरेदीपूर्वीच हा मेळ घालावा. खरेदीनंतर तो घालता येत नाही.

तारेची जाडीही हिशेबात धरावी. आपल्या उदाहरणातील दिवाणखान्यात अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीजवळ आणि सबवूफर समोरच्या कोपऱ्यात असेल, तर भिंतीच्या कडेने तार दहा मीटर जाते. जाऊन-येऊन वीस मीटर. अर्धा चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेचा रोध तेवढ्या अंतरात सुमारे ०.७ ओहम होतो, आणि ४ ओहमच्या सबवूफरकडे जाणाऱ्या शक्तीचा सुमारे सातवा हिस्सा तारेतच उष्णता होऊन संपतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर हीच घट साधारण तिसाव्या हिश्श्यावर येते. त्याहून महागड्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांनी कानाला आणखी काही लाभ होत नाही.

मात्र तार खरोखरच तांब्याची आहे ना, हे पाहावे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार बाजारात सर्रास विकली जाते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे तीन-पंचमांश असते. एक धागा ब्लेडने खरवडला आणि आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला, तर तो अ‍ॅल्युमिनियम समजावा. अशी तार हातात घेतल्यावर हलकीही लागते.

जोडताना धन आणि ऋण टोके दोन्हीकडे सारखी लागली पाहिजेत. दोनपैकी एका स्पीकरची टोके उलटी लागली, तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज मध्येच नाहीसा होतो. टोकांवरील खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहावा. शंकू बाहेर आला की सेलच्या धन टोकाला लागलेले टोक हेच स्पीकरचे धन टोक. जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावा आणि तारेचा एकही मोकळा धागा शेजारच्या टोकाला टेकू नये.

भिंतीतील विजेचे काम मात्र परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावे. अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांना शक्यतो एकाच बोर्डावरून वीज द्यावी. वेगवेगळ्या ठिकाणांहून दिल्यास अर्थिंगच्या तारांतून लहानसा प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये सतत घुंई ऐकू येते. ती घालवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. घुंई जाते, पण त्याबरोबर जिवाचे संरक्षणही जाते. यंत्राच्या धातूच्या खोक्यात वीज उतरली तर ती हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाते. घुंईवर उपाय जोडणीची जागा बदलून करावा, पिन काढून कदापि नव्हे.

खोलीचे माप

एवढे सारे नीट झाल्यावरही खर्ज एका खुर्चीवर दणदणीत आणि दुसरीवर अगदीच फिका लागतो. दोष यंत्राचा नसतो, खोलीचा असतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झचा नाद दोन भिंतींमध्ये उभ्या लाटेसारखा स्थिरावतो. साडेतीन मीटर रुंदीत ४९ हर्ट्झचा आणि तीन मीटर उंचीत ५७ हर्ट्झचा. अशा लाटेचा जोर भिंतींजवळ सर्वाधिक आणि मधोमध जवळपास शून्य असतो. सोफा बरोबर खोलीच्या मध्यभागी असेल, तर तेथे बसणाऱ्याला ३४ हर्ट्झ ऐकूच येत नाही आणि तो बटण फिरवून आवाज वाढवत राहतो.

यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे. सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचा एखादा सलग तुकडा वाजवावा आणि भिंतीच्या कडेने खाली बसत, सरकत ऐकत जावे. जेथे खर्ज सर्वांत समतोल आणि स्पष्ट वाटेल, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. ध्वनीचा मार्ग उलटसुलट सारखाच असल्याने ही युक्ती फळते. मुलांना ती करताना पाहून आजी-आजोबांना हसू येईल खरे. परंतु नवा अ‍ॅम्प्लिफायर आणण्यापेक्षा तिचा लाभ अधिक आहे. त्यानंतर सबवूफरवरील ‘फेज’ची कळ दोन्हीकडे करून पाहावी आणि ज्या स्थितीत ८० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अधिक भरीव लागेल, ती कायम ठेवावी.

भिंतीपलीकडचे माप

शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच घ्यायचे राहते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. पडदा, गालिचा किंवा भिंतीला चिकटवलेला बोटभर जाडीचा फोम तिला रोखू शकत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी पलीकडचा आवाज सर्वसाधारणपणे पाच-सहा डेसिबलच घटतो. दिवाणखान्यातील गाण्याचे शब्द आणि चाल भिंतीत अडतात; शेजाऱ्यापर्यंत पोचतो तो केवळ ठोका. ज्या नादात संगीत उरलेले नाही, तोच नेमका भिंत ओलांडतो.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. परंतु येथे एक बारकावा आहे. ही मोजणी ‘ए’ प्रमाणाने होते, आणि हलक्या आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो या आधारावर बांधलेले ते प्रमाण ४० हर्ट्झच्या नादातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते. भिंतीपलीकडे असा नाद ७५ डेसिबलचा असला, तरी मीटर ४० च्या आसपासच दाखवील. कागदावर सारे नियमात असेल, आणि तरीही रात्रीच्या शांततेत तो ठोका स्पष्ट ऐकू येईल, उशीखाली जाणवेल. कायद्याचा तराजू येथे खर्जाला हलका तोलतो. म्हणून मीटर वापरायचाच असेल तर ‘सी’ प्रमाणावर ठेवून वापरावा. ते प्रमाण ४० हर्ट्झला केवळ दोन डेसिबल कमी करते.

खरे माप घेण्याचा मार्ग मात्र याहून साधा आहे. संच पूर्ण झाल्यावर घरातील एकाने आजी-आजोबांच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवे व्हावे. दुसऱ्याने शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांना आधी कल्पना देऊन, त्यांच्या भिंतीजवळ बसावे. दिवाणखान्यात आवाज हळूहळू वाढवावा. दोन्हीकडून ‘आता ऐकू येते’ असा निरोप आला की तेथेच थांबून बटण थोडे मागे घ्यावे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर ही पडताळणी करावी. रात्री परिसर शांत झाल्याने मर्यादा बरीच खाली येते.

मर्यादा फारच खाली आली तरी उपाय आहेत. सबवूफर बसण्याच्या जागेच्या अगदी मागे ठेवला तर कमी शक्तीत तेवढाच खर्ज ऐकणाऱ्याला मिळतो आणि भिंतीकडे कमी जातो. त्याच्या पायांखाली जाड रबर दिल्यास फरशीतून खालच्या मजल्याकडे जाणारी थरथर घटते, हवेतून जाणारी घटत नाही. यंत्रात रात्रीची ‘नाइट मोड’ सोय असेल तर ती वापरावी. ती मोठे आघात दाबते आणि हलके संवाद वर आणते. परीक्षेचे दिवस असतील किंवा घरात आजारी माणूस असेल, तर सबवूफरची वीजच बंद ठेवावी; दोन स्पीकर एकटेही सुखाने बोलतात.

ऐकणाऱ्याच्या कानांचाही हिशेब याच वहीत मांडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो; मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. कानातील संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे मुद्दल आहे. ते खाऊन चालत नाही.

अशा रीतीने पाहिले तर शक्तिशाली संचाची ओळख तो किती मोठ्याने वाजतो यावरून होत नाही. ज्याची पेटी, तार आणि खोली एकमेकांशी जुळलेली आहेत, तो संच हलक्या आवाजातही भरीव लागतो. त्याला ओरडावे लागत नाही. दोन्ही घरांच्या संमतीने ठरलेली ती जागा बटणावर रंगाच्या बारीक ठिपक्याने नोंदवून ठेवावी. दुकानातील वजनावर शिक्का असतो, तसा हा घरातील यंत्रावरचा शिक्का. शेजारच्या घरी तान्हे मूल आले, आजोबांची झोप हलकी झाली, की पडताळणी पुन्हा करावी आणि ठिपका नव्या जागी लावावा.